जिंकलेला गेम पुन्हा का खेळता?

"तो गेम तर तुम्ही शाळेत असतानाच संपवला होता ना? मग आता परत कशाला? आणि वर स्वतःलाच नियम कशाला घालून घेता?" ऑफिसात डबा खाताना, पाहुण्यांकडे, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

गेम म्हणजे पोकेमॉन फायररेड. पोकेमॉन हे काल्पनिक प्राणी; ते पकडायचे, वाढवायचे आणि सहा जणांची टोळी घेऊन दुसऱ्यांच्या पोकेमॉनांशी लढवायचे, असा हा खेळ. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर पहिला पोकेमॉन आला, त्याचंच हे २००४ सालचं नवं रूप. आमच्या पिढीला पोकेमॉन भेटला तो कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. गेम हाती लागला तो नंतर, मावसभावाने दुबईहून आणलेल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर. सुट्टीत तो महिनाभर आमच्याकडे राहणार होता आणि तेवढ्यात मला गेम संपवायचा होता. म्हणून सुरुवातीला चारमँडर घेतला, प्रत्येक लढाईत त्यालाच पुढे केलं, त्याचा चारिझार्ड झाला आणि त्या एकट्याच्या जोरावर शेवटपर्यंत पोचलो. बाकीचे पाच फक्त वाटेतली झाडं तोडायला आणि पाणी ओलांडायला सोबत होते. त्यांची नावंही आज आठवत नाहीत. याचंच मला पुढे वाईट वाटत राहिलं.

आता ज्या नियमांनी खेळतो त्यांना नझलॉक म्हणतात. निक फ्रँको नावाच्या तरुणाने २०१० मध्ये स्वतःसाठी ते केले, त्यावर चित्रकथा काढली आणि ते जगभर पसरले. मूळ नियम दोनच. प्रत्येक नव्या भागात जो पोकेमॉन पहिल्यांदा समोर येईल तोच पकडायचा. आणि लढताना एखादा बेशुद्ध पडला तर तो मेला असं धरायचं. गेममध्ये खरं तर पोकेमॉन सेंटरमध्ये सगळे फुकटात बरे होतात. ते नाकारायचं. शिवाय प्रत्येकाला नाव द्यायचं, ही पद्धत सगळेच पाळतात. मी आणखी थोडी भर घातली आहे: लढाईत औषध नाही, वाटेत हरवाव्या लागणाऱ्या बड्या खेळाडूच्या, म्हणजे जिम लीडरच्या, सगळ्यात वरच्या पोकेमॉनपेक्षा माझ्या कुणाची लेव्हल जास्त नाही, आणि 'बॅटल स्टाइल' कायम 'सेट'वर. लहानपणी ते ऑप्शन मी कधी उघडलंच नव्हतं. ते 'शिफ्ट'वर असलं की समोरच्याचा एक पडल्यावर पुढे कोण येतोय ते गेम आधी सांगतो आणि आपला गडी फुकटात बदलू देतो. 'सेट'वर जो मैदानात आहे तोच राहतो. बदलायचा तर एक फेरी जाते.

विरिडियन फॉरेस्ट या सुरुवातीच्या जंगलात पिकाचू शंभरात पाचदा भेटतो. लहानपणी त्याच्यासाठी मी तासभर गवतात फिरलो होतो. या वेळी पहिल्याच पावलांना कॅटरपी आली. हिरवी अळी. नियमाप्रमाणे तीच घ्यायची. तिचं नाव भिंगरी ठेवलं. नावाला दहाच अक्षरं मिळतात आणि तीही रोमन, पण भिंगरी बसते. त्याआधी पहिल्या रस्त्यावर मिळालेला रटाटा उंदीरमामा झाला होता. तोही बसतो.

सातव्या लेव्हलला कोश, दहाव्याला फुलपाखरू, म्हणजे बटरफ्री. तिची माहिती मी आयुष्यात पहिल्यांदा उघडून वाचली. तिच्यात 'कंपाउंड आइज' हा गुण आहे, म्हणजे किडीचे संयुक्त डोळे. त्याने तिच्या हल्ल्यांची अचूकता तीस टक्क्यांनी वाढते. पंधराव्या लेव्हलला ती समोरच्याला झोपवणारी स्लीप पावडर शिकते. तिची अचूकता एरवी शंभरात पंच्याहत्तर, भिंगरीच्या हाती साडेसत्त्याण्णव. हा गेम ज्यांनी जन्माला घातला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत हिंडायचे. किडा जवळून पाहिलेल्या माणसालाच त्याचे डोळे असे आठवतात, असं मला मनापासून वाटतं.

मिस्टी या जिम लीडरची स्टारमी लेव्हल एकवीसची. माझे अनेक डाव तिने तिथेच संपवलेत. या वेळी भिंगरीने तिला झोपवलं, मी भिंगरीला मागे घेतलं, आणि स्टारमी झोपेत असताना उंदीरमामा, तोवर रटिकेट झालेला, तिला चावत सुटला. चारिझार्डने मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

मग रॉक टनेल. काळोखी बोगदा. एका डोंगरवाल्या ट्रेनरचा पहिला गडी भिंगरीने पाडला आणि त्याने दगडी जिओड्यूड काढला. बटरफ्री ही कीड आणि उडणारी, त्यामुळे दगडाचा मार तिला चौपट बसतो. मागे घेता आली असती. पण ती जिओड्यूडपेक्षा चपळ, आधी तीच वार करणार, आणि तिची पावडर चाळीसात एकदाच चुकते. मी स्लीप पावडर दाबली. चुकली. एक दगड आला आणि तिच्या जिवाची हिरवी पट्टी सरसर उतरून शून्यावर गेली. मी बराच वेळ पुढचं बटण दाबलं नाही.

बोगद्यातून बाहेर पडलं की लव्हेंडर टाउन लागतं. तिथे सात मजली पोकेमॉन टॉवर आहे, मेलेल्या पोकेमॉनांच्या समाध्यांचा. दुसऱ्या मजल्यावर आपला प्रतिस्पर्धी भेटतो आणि विचारतो की तू इथे कशाला आलास, तुझे पोकेमॉन तर जिवंत दिसतात. लहानपणी ते वाक्य ए बटण दाबत मी क्षणात उडवलं होतं. या वेळी पूर्ण वाचलं. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, आणि ते गेममधल्या पीसीच्या खोक्यात भिंगरी या नावाने ठेवलेलं होतं. समाध्यांपाशी उभी असलेली माणसं काय बोलतात तेही मी एकेक करून ऐकलं.

तो डाव पुढे संपवला. उंदीरमामा शेवटपर्यंत टिकला.

परवा नवा डाव मांडलाय. या वेळी जंगलात पहिल्यांदा वीडल भेटला, डोक्यावर काटा असलेला. उद्यापर्यंत त्याची बीड्रिल होईल. नाव अजून ठरलेलं नाही. दहा अक्षरांत बसणारं एखादं तुम्हाला सुचलं तर सांगा.