गव्याचा खूर आणि शेऱ्याचा रकाना

पाटण तालुक्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या पाण्याकडे उतरणाऱ्या डोंगरातल्या वाड्या माझ्याकडे आहेत. कृषी सहायकाचं पदनाम आता 'सहायक कृषी अधिकारी' झालंय, पण वाडीत मी 'शेतीवाली म्याडम'च. तरणी माणसं मुंबईला, बरीचशी माथाडीत. शेती म्हातारी माणसं करतात आणि नाचणी पोटरीत आली की रात्रीची राखणही तीच करतात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गव्यांना त्याची हद्द कुठे संपते ते माहीत नाही.

त्या दिवशी निरोप आला तो एका आजींच्या वरकसातला, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतला. वन्यप्राण्यानं पीक खाल्लं तर तीन दिवसांत वनविभागाला कळवावं लागतं, मग वनरक्षक, तलाठी आणि आम्ही मिळून पंचनामा करतो. त्यामुळे लगेच निघालो. गाडी खालीच लावली, वर चढ. वनरक्षक नवीन, मराठवाड्यातला, चढून घामाघूम झालेला. शेतात पोचल्यावर त्यानं खूर पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, हे गुरांचेच वाटतायत." तसं असेल तर प्रकरण तिथंच संपलं, कारण गावच्या गुरांनी खाल्लेल्याची भरपाई मिळत नाही.

आजी बांधावर बसल्या होत्या. त्या उठल्या, त्याला मनगटाला धरून खालच्या तालीकडे घेऊन गेल्या. तिथं माती ओली होती. एक खूर स्वच्छ उमटलेला, दोन फाळ्या. आजींनी शेजारी आपला पंजा टेकवला, खूर पंज्याएवढा. मग पाच पावलं पलीकडे, स्वतःच्या गाईचा जुना खूर दाखवला. निम्म्याच्या थोडा वर. "आमची गाय हाय का एवढी?" मी टेप लावली. पण खरा पुरावा बांधावरच्या ऐनाच्या झाडाला होता. जनावरानं अंग घासलेलं, साल चिखलानं माखलेली, आणि तो चिखल माझ्या खांद्याच्या वर गेलेला. एवढ्या उंचीला गावठी गाय कशी पोचणार? वनरक्षक बराच वेळ झाडाकडे बघत राहिला. मग वही काढून उंची लिहून घेतली. चांगला मुलगा आहे, आता मलाच खूर ओळखायला शिकवतो.

पुढचा घोळ माझ्या बाजूचा. पंचनाम्याच्या कागदावर पिकाला एकच रकाना. शेतात नाचणी, मध्ये उडदाच्या ओळी, बांधाकडेनं पिवळा फुललेला कारळा. डोंगरात एकच पीक लावून कोण बसतं? पाऊस दगा देतो तेव्हा एक जातं, दुसरं हाती लागतं. मी नाचणी लिहिली आणि बाकीची शेऱ्यात टाकली. क्षेत्र गुंठ्यात मोजलं. नेटवर्क नव्हतं, फोटो मोबाईलमध्येच राहिले, ते खाली उतरून पाठवले.

आजींचं लक्ष मात्र मोजणीकडे नव्हतंच. त्या वरच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. तिथल्या ताटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, निम्म्या चिंध्या आता चिखलात. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बी हुतं त्ये." भरलेली, एका दमात पिकलेली कणसं उभ्या पिकातच हेरायची, बाकीची कापणी झाली तरी ती मागे ठेवायची, मग चुलीवरच्या माळ्याला धुरात टांगायची. सासूच्या वेळेपासूनचं बी. गव्यांना हे कोण सांगणार! सगळ्यात चांगली कणसं त्यांनी सगळ्यात आधी खाल्ली.

मी 'फुले नाचणी'ची पिशवी देऊ केली. वाण चांगला आहे, मी स्वतः दिलाय बऱ्याच जणांना. आजींनी ती घेतली, पण खालच्या खोल मातीच्या तुकड्यासाठी. "वरच्या मुरमात माझंच बी पायजे." ते बी त्यांनी सुगी संपल्यावर खोऱ्यापलीकडच्या बहिणीकडून आणवलं, दिढीनं. एक पायली आणली तर पुढच्या साली दीड परत. बहिणीकडे ते आजींनीच कधीकाळी दिलेलं होतं. हे ऐकून मला खरंच हायसं वाटलं, कारण सरकारी गोदामात ते बी कुठेच मिळालं नसतं.

भरपाई नाचणीच्या वजनावर मंजूर झाली, उशिरा का होईना. उडीद आणि कारळा हिशोबात आले नाहीत, बियाणं तर नाहीच. त्या फाईलवर साहेबांनी विचारलं होतं, "बियाण्यासाठी राखलेली कणसं म्हणजे वेगळं नुकसान कसं?" मी म्हटलं, साहेब, एकदा वरकसात चला. ते हसले. तेव्हापासून चिंध्या बांधलेल्या ताटांची नोंद मी प्रत्येक पंचनाम्यात शेऱ्यात करते, आणि वनरक्षक त्याखाली सही करतो.