ऑटोमॅटिक गाडीला पॅडल शिफ्टर बसवताना

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनची शक्ती पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी बहुधा वरच्या गिअरमध्येच राहते, इंजिनचा रोध फारसा मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्याला, मग तो आंबा घाटाने जावो की फोंडा घाटाने, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. गिअर लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत घेऊन अधिक-उणे करता येते, परंतु त्यासाठी ऐन वळणावर एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. माझ्या गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला पॅडल शिफ्टर, म्हणजे स्टिअरिंगमागे बोटांनी ओढून गिअर बदलायच्या दोन पात्या, कंपनीकडूनच येतात आणि माझ्या व्हेरिएंटला ते नाहीत, म्हणून ते बसवून घ्यायचे ठरवले. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत ही सोय आणली ती गिअर झटपट बदलावा म्हणून. मला मात्र ही सोय गाडी सावकाश उतरावी म्हणून हवी होती.

ऑनलाइन बाजारात या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू म्हणजे मूळच्या पॅडलवर चिकटवायच्या लांब पात्या असतात, आणि ज्या गाडीला मूळचे पॅडलच नाहीत तिला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. उद्यमनगरातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनने पहिल्याच भेटीत मुद्द्यावर बोट ठेवले. "साहेब, पॅडल म्हणजे नुसतं स्विच हाय. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला त्याचं ऐकू आलं पाहिजे," असे ते म्हणाले. पॅडल ओढल्यावर फक्त एक विद्युत इशारा जातो. गिअर बदलायचा की नाही हे गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट ठरवते. त्यामुळे खरेदीच्या आधी दोन गोष्टी तपासून घेतल्या. माझ्या गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये पॅडलची सोय सुरू करता येते का, हे त्यांनी डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची तपासणी करायच्या सॉकेटला, स्कॅनर जोडून पाहिले. स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये, म्हणजे स्टिअरिंग फिरत असतानाही त्यातील हॉर्न-एअरबॅगची विद्युत जोडणी टिकवणाऱ्या भागात, पॅडलसाठी लागणाऱ्या तारा आहेत का, हे वायरिंगच्या आकृतीवरून पाहिले, तेव्हा कनेक्टरमधील त्या जागा रिकाम्या असल्याचे कळले. म्हणून पॅडलबरोबर वरच्या व्हेरिएंटची क्लॉक स्प्रिंग आणि स्टिअरिंगमधील वायरिंगही पार्ट नंबर देऊन मागवावी लागली. तारा कापून जोड देण्याचा स्वस्त मार्गही होता, पण एअरबॅगच्या शेजारून जाणाऱ्या वायरिंगवर चिकटपट्टीचे जोड मला नको होते.

प्रत्यक्ष कामातला जोखमीचा भाग एअरबॅगचा होता. चाके सरळ ठेवून बॅटरीची ऋण तार काढली आणि बराच वेळ काहीही न करता थांबलो, कारण बॅटरी तोडल्यानंतरही एअरबॅगच्या युनिटमधील कॅपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार राहतो. सुटी केलेली एअरबॅग तिचे आवरण वर राहील अशा रीतीने ठेवली, म्हणजे चुकून उघडलीच तर ती उसळून अंगावर येणार नाही. तिच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर मुळीच लावायचा नाही, असे इलेक्ट्रिशियन मिस्त्रींनी मदतनीस मुलाला दोनदा बजावले. स्टिअरिंग उपसण्यापूर्वी त्याच्या दातेरी दांड्यावर खूण केली, कारण एक दाता जरी इकडेतिकडे झाला तरी गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडे दिसते. क्लॉक स्प्रिंग म्हणजे आत गुंडाळलेली चपटी तार असते आणि ती दोन्ही बाजूंना ठरावीक फेरेच फिरते. ती मध्यावर न ठेवता बसवली, तर स्टिअरिंग पूर्ण वळवताना तुटते आणि हॉर्नबरोबर एअरबॅगही निकामी होते. नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर धरून ठेवणारी पिन त्यांनी ती जागेवर बसल्यानंतरच काढली. नट टॉर्क रेंचनेच आवळला. उरलेली जोडणी सोपी होती.

बॅटरी जोडल्यावर पॅडल ओढले तर काहीच घडले नाही, आणि ते अपेक्षितच होते. स्कॅनरवरून कोडिंग करून पॅडल बसवल्याची नोंद केल्यानंतर आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणल्यानंतर डिस्प्लेवर गिअरचा आकडा बदलू लागला. एअरबॅगचा दिवा इग्निशन दिल्यावर लागून थोड्या वेळाने विझतो, याची खात्री केल्याशिवाय गाडी बाहेर काढली नाही.

फोंडा घाटात डावे पॅडल ओढून गाडी तिसऱ्यावर आणि तीव्र उतारावर दुसऱ्यावर आणली, तेव्हा ब्रेकवरचा पाय बराचसा मोकळा राहिला. वेग जास्त असताना खालचा गिअर मागितला तर गिअरबॉक्स तो देत नाही, कारण इंजिनचे फेरे मर्यादेबाहेर जातील; हा नकार मला पॅडलइतकाच मोलाचा वाटतो. शहरात, विशेषतः कावळा नाक्याच्या गर्दीत, पॅडलला हातही लागत नाही, आणि केवळ शहरात गाडी चालवणाऱ्याने हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या बदलाने आरसीवरील कोणताही तपशील बदलत नाही. तरीही मी सुट्या भागांचे बिल जोडून विमा कंपनीला लेखी कळवले आणि गाडीच्या कंपनीने मुळात न बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठीचे जादा संरक्षण पॉलिसीत घालून घेतले.