टिमोथीची हिवाळी चाचणी: उत्तर नॉर्वेतला माझा अनुभव

ट्रॉम्सोच्या आसपास, ६९-७० अंश उत्तरेला, चारा म्हणजे मुख्यतः टिमोथी गवत. इथे चाचणीत पहिला प्रश्न 'किती टन' हा नसतो, 'हिवाळ्यातून किती उरलं' हा असतो. म्हणून नव्या वाणांसोबत मी तुलनेसाठी दोन ओळखीचे वाण हमखास पेरतो: उत्तरेचं जुनं 'एंग्मो' आणि दक्षिणेचं 'ग्रिन्स्टाड'. ग्रिन्स्टाड जास्त चारा देतं, पण दिवस लहान होऊ लागले तरी वाढत राहतं. एंग्मो वेळेत थांबून थंडीची तयारी करतं.

हजार दाणे जेमतेम अर्धा ग्रॅम भरतात, त्यामुळे एक सेंटीमीटरपेक्षा खोल पेरलं की उगवण गेलीच. वाफा दीड बाय आठ मीटरचा, म्हणजे १२ चौरस मीटर. हेक्टरी २० किलोने २४ ग्रॅम बी लागतं, उगवण ८० टक्के असेल तर ३० ग्रॅम. उगवण आधी ओल्या कागदावर तपासायची: शंभर-शंभर दाण्यांचे चार गट, मोजणी सातव्या आणि दहाव्या दिवशी. पेरणीनंतर रूळ फिरवायचा. पेरणीच्या वर्षी उत्पादन मोजत नाही.

पुढच्या वर्षापासून कापणी निसवण (कणसं बाहेर पडणं) सुरू होताना. खाली ८ ते १० सेंटीमीटर बुंधा ठेवायचा, कारण टिमोथीचा अन्नसाठा खोडाच्या फुगीर तळाशी असतो. उशिरा नत्र देणं किंवा उशिरा कापणं म्हणजे तो साठा संपवून गवताला हिवाळ्यात ढकलणं.

खरी परीक्षा निव्वळ थंडीची नाही, बर्फाच्या पत्र्याची. मध्येच पाऊस पडतो, हिम वितळतं, पुन्हा गोठतं आणि गवतावर हवाबंद थर बसतो. आत श्वसन चालूच असतं. प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल साचतं. टिमोथी हे बराच काळ सोसतं, राय गवत त्याआधीच हार मानतं. पाणी खोलगट जागी साचतं, म्हणून एक पुनरावृत्ती (सगळ्या वाणांचा एक संच) पूर्ण खोलगटात किंवा पूर्ण उंचावर बसेल अशी आखणी करावी. नाहीतर वाणांऐवजी जमिनीचा उतारच मोजला जातो.

न गोठलेल्या जमिनीवर हिम फार काळ बसलं तर हिमबुरशी येते. पानांवर मोहरीहूनही बारीक काळपट गोळ्या दिसल्या, तर दोष बर्फाला देऊ नये. बर्फाने मेलेल्या वाफ्याला बहुधा आंबूस वास येतो.

हिम वितळल्याबरोबर मात्र नोंद घेऊ नये. मेलेलं गवतही सुरुवातीला हिरवं दिसतं! दोन-तीन आठवडे थांबून, नवा फुटवा पाहूनच वाफ्याची व्याप्ती, म्हणजे जिवंत गवताने झाकलेला भाग, टक्क्यांत लिहायची आणि शरद ऋतूतल्या आकड्याशी ताडायची.

प्रयोगशाळेतल्या गोठण चाचणीसाठी रोपं आधी काही आठवडे २ अंश सेल्सिअसला ठेवतो. मग फुटवे सुटे करून मुळं एक आणि पानं तीन-चार सेंटीमीटर ठेवून छाटायची, जुड्या ओल्या वाळूत लावायच्या. उणे ३ अंशांवर वाळूत बर्फाचे कण टाकून रात्रभर ठेवायचं. हे वगळलं, तर पाणी न गोठताच आणखी थंड होत जातं, मग एकदम गोठतं आणि आकडे विस्कटतात. पुढे ताशी एक अंश उतरवत दर दोन अंशांना एक जुडी बाहेर काढायची, २ अंशांवर हळूहळू वितळवायची आणि कुंडीत लावायची. तीन आठवड्यांनी जगलेले फुटवे मोजले की निम्मे मरतात ते तापमान मिळतं. पण या क्रमवारीत वर आलेलं वाण बर्फाखाली तगेलच असं नाही. त्यासाठी कुंड्या पाण्याने भरून उणे २ अंशांवर गोठवतो आणि दर आठवड्याला काही कुंड्या काढून पुन्हा फुटवा तपासतो.