मियाटात व्ही-८ इंजिन बसवल्यानंतरची वजनमोजणी : माझा अनुभव

मिशिगनमध्ये माझ्याकडे १९९४ ची माझदा मियाटा ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार आहे. तिचे १.८ लिटरचे इंजिन काढून मी शेव्हरलेचे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे (व्ही-८) एलएस१ बसवले, तेव्हा गाडी पुढून जड होऊन बिघडणार, असे जो तो सांगत होता. मात्र माझदाच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, तर शेव्हरलेच्याच १९९७ च्या कॉर्व्हेट गाडीबरोबर आलेल्या एलएस१ चा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय काही मानायचे नाही, असे मी ठरवले होते.

इंजिन बदलण्यापूर्वी रिकाम्या गाडीचे वजन १०४६ किलो होते आणि त्यातले ५४५ किलो पुढच्या चाकांवर होते. बदलानंतर एकूण ११६४ आणि पुढे ६१८ किलो भरले. म्हणजे पुढचा वाटा ५२.१ वरून ५३.१ टक्के झाला. वाढलेल्या ११८ किलोंपैकी ४५ किलो मागे गेले, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलही (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) जड बसवावे लागले.

माझे घोडे अडले ते तिरक्या वजनाशी, म्हणजे उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक मिळून एकूण वजनाचा किती भाग उचलतात, या आकड्याशी; तो ५० टक्क्यांच्या जवळ हवा. तीन आठवडे थांबून मिळालेल्या वेळेला एका वर्कशॉपने गाडी जॅकवरून थेट चार चाकांखालच्या वजनकाट्यांवर उतरवली आणि ५२.८ टक्के असा कागद हातात दिला. पुढच्या आठवड्यात, गाडीला हातही लावलेला नसताना, तिथेच ५१.९ आले. जमीन समतल आहे का, असे विचारल्यावर 'आहेच की' एवढेच उत्तर मिळाले, आणि पैसे दोन्ही वेळा पूर्ण घेतले गेले. याचा राग मला अजून आहे, कारण त्या आकड्यावर विसंबून मी स्प्रिंगच्या बैठकी फिरवून कोपऱ्यांची उंची बदलली असती, तर चांगली बसलेली गाडी वाकडी केली असती.

शेवटी एका मित्राकडून चार काटे आणले आणि आपल्याकडे गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन माझ्याच गॅरेजची जमीन तपासली. दाराकडचा डावा कोपरा ९ मिलिमीटर खोल निघाला. डाव्या पुढच्या चाकाचा काटा तिथेच येत होता, म्हणून त्याखाली ३ मिलिमीटरच्या तीन व्हिनाइल फरशा ठेवल्या आणि ५२.६ चे ५१.५ झाले. स्वे बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) एका बाजूची लिंक सोडल्यावर ५०.८ आले, कारण तो बार आधीपासूनच पिळलेला होता. त्यानंतरच स्प्रिंगच्या बैठकी थोड्या फिरवून मी ५०.१ वर थांबलो. या सर्व वेळी चालकाच्या आसनावर माझ्या वजनाइतकी, ७२ किलोंची वाळूची पोती होती.

स्प्रिंग फिरवून फक्त तिरके वजन बदलते. पुढचा-मागचा वाटा बदलायचा तर वस्तूच हलवाव्या लागतात. त्यासाठी बॅटरी डिकीत नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण या मियाटात ती कंपनीनेच डिकीत दिलेली आहे, त्यामुळे तो मार्ग इथे उरत नाही.

आधी सांगायचे राहिले, ते असे की दोन्ही मोजण्यांत टाकीतले पेट्रोल आणि टायरमधली हवा सारखीच ठेवावी. गाडी जॅकवरून उतरवली असेल, तर ती थोडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यावे आणि मगच आकडे वाचावेत. कोणत्या काट्याखाली किती फरशा लागतात, हे मी गॅरेजच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवले आहे.