प्रश्न विचारून तू किती थांबतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "पीएचडीचं पाचवं वर्ष, प्रबंध डोक्यावर, आणि तरी दर शुक्रवारी दोन तास 'शिकवायचं कसं' या गटात कशाला जायचीस? गाइड काही म्हणाले नाहीत?" म्हणाले ना. "आधी प्रबंध संपव."

अमेरिकेत पात्रता परीक्षा झाली की वर्ग संपतात, बरोबरचे पांगतात, उरते प्रयोगशाळा. नवख्या टीएंना, म्हणजे वर्गात शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांना, प्रशिक्षण मिळतं. जुन्यांना सगळं येतंच, असं धरून चालतात. आमचा गट या जुन्यांचा. त्यात प्राध्यापक कोणी नाही. आठ जण, आठ विभाग. पाळीपाळीने एकाने दहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. कल्पना आमची नव्हे. २००३ साली विस्कॉन्सिन-मॅडिसनला 'सर्टल' नावाचं केंद्र निघालं, तेव्हापासून विज्ञानातल्या पीएचडीवाल्यांसाठी असे गट जोडण्याचं काम ते करतंय. आणि दहा मिनिटांचा पाठ तर स्टॅनफर्डचा, साठच्या दशकातला. बी.एड. झालेल्या आईला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. "मायक्रोटीचिंग होय! आम्हाला पाठाच्या वह्या असायच्या," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

माझ्या पाळीला मी रासायनिक समतोल घेतला. बोलता बोलता म्हणून गेले, "मग अभिक्रिया थांबते." संगीताच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी समोर होती. "थांबते म्हणजे? रेणू गप्प बसतात?" गप्प कुठले! दोन्ही दिशांनी क्रिया चालूच असते, फक्त वेग सारखा होतो. चार वर्षं मी हेच वाक्य वर्गात टाकत आले होते. रसायनवाला ऐकणारा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, त्यामुळे कोणी टोकलंच नव्हतं. अठरा वर्षांची पोरं मात्र ते तसंच वहीत उतरवून घेत असणार.

दुसऱ्या वेळी कोणीतरी मागे बसून मोबाईलवर वेळ लावली. प्रश्न विचारून मी सेकंदभर थांबत होते, मग उत्तरही माझंच. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गावर्गांत हेच मोजलं होतं: शिक्षक सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलं लांब आणि विचार करून बोलतात. वाचलेलं होतं हो मी! पण तीन सेकंदांची शांतता फळ्यासमोर उभं राहून सोसायची म्हणजे काय, ते त्या शुक्रवारी कळलं.

आपल्याकडे यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीवाल्यांना अध्यापनाचं प्रशिक्षण आलंय, आठवड्याला चार ते सहा तास कामही देता येतं. चांगलंच आहे. पण तास नेमून दिले म्हणजे "रेणू गप्प बसतात?" विचारणारं माणूस समोर येऊन बसतंच असं नाही.

आणि हो, प्रबंधाला चार महिने उशीर झाला. गटामुळे नव्हे, आमचा क्रोमॅटोग्राफीचा पंप बंद पडला होता.