छप्पर काढलेली हेराल्ड

लालबागच्या एका गाळ्यात गेल्या जुलैत मी जी ट्रायम्फ हेराल्ड ही ब्रिटिश मोटार तपासली, ती १९६२ ची होती आणि मालकांच्या सांगण्यानुसार कोव्हेंट्रीच्या कारखान्यातूनच उघड्या टपाची निघालेली होती. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची रक्कम कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायची असते. त्यासाठी लागणारा मूल्यांकनाचा अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. हेराल्डमध्ये सलून म्हणजे पक्क्या छपराची आणि कन्व्हर्टिबल म्हणजे उघड्या टपाची गाडी यांच्या किमतीत चांगलाच फरक पडतो, म्हणून बॉडीचा रकाना मी घाईने भरत नाही.

मालक सत्तरीकडे झुकलेले, कागद नीट जपणारे गृहस्थ. इंग्लंडहून परतलेल्या एका डॉक्टरांनी १९६४ मध्ये ही गाडी बोटीने मुंबईत आणली आणि १९७१ मध्ये ती मालकांच्या वडिलांनी विकत घेतली. वडील गिरणीत अधिकारी होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी बंद पडली आणि गाडी जी ताडपत्रीखाली गेली ती २०१६ पर्यंत बाहेर आली नाही. दरम्यान मूळ आरसी बुक वाळवीने खाल्ले. दुय्यम प्रतीत बॉडीच्या रकान्यात नुसतेच ‘मोटार कार’ लिहिलेले होते.

दुरुस्तीचे काम मात्र मी मनापासून वाखाणले. खाऱ्या हवेने चासीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे, बाहेर आलेले हात गंजून चाळण झाले होते. मिस्त्रींनी ते जाड पत्र्यातून नव्याने घडवले होते. पुढच्या चाकांच्या तळाशी पितळेचे आटे असलेला जो सांधा असतो, त्यात ग्रीस नव्हे, गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस भरत राहिले तर पाणी शिरून आटे झिजतात आणि एके दिवशी चाक आडवे होते. ही गोष्ट मुंबईत फार थोड्यांना ठाऊक आहे. या मिस्त्रींनी तिथे ऑइलच भरले होते.

हेराल्डचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते आणि चाकावर बसून इंजिनचे काम करता येते. मीही तसाच बसलो. समोरच्या पत्र्यावर कारखान्याची छोटी पट्टी होती. तिच्यावरही रंगाचा हात फिरला होता. कापसाच्या बोळ्याला थिनर लावून मी हलके पुसत गेलो. आधी आकडे उमटले, मग शेवटची दोन अक्षरे. कन्व्हर्टिबलवर तिथे ‘सीव्ही’ असते. इथे ‘डीएल’ होते, म्हणजे डीलक्स सलून.

मग खिशातले लोहचुंबक काचेच्या चौकटीवरून फिरवले. ठरावीक अंतरावर ते निसटत होते. त्या प्रत्येक जागी रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. मिस्त्री जरा ओशाळले. “भोकं होती, साहेब. मला वाटलं, जुनं कसलं तरी काम असेल. भरून टाकली.”

भोके छपराच्या बोल्टांची होती. हेराल्ड घडवली जात होती तेव्हा बॉडीचा मुख्य पुरवठादार प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे स्टँडर्ड-ट्रायम्फने स्वतंत्र चासी ठेवून तिच्यावर बॉडीचे सुटे भाग बोल्टने जोडले. जिओव्हानी मिकेलोत्तींच्या त्या देखण्या आकारामागे ही अडचण होती. छप्परही बोल्टवरच, म्हणून सलूनची उघडी गाडी करणे इतर गाड्यांच्या मानाने सोपे असते, आणि म्हणूनच प्रत्येक उघड्या हेराल्डकडे आम्ही संशयाने बघतो.

मी हे सांगितले तेव्हा मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. लबाडी त्यांची नव्हती, हे मला दिसत होते. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. वडिलांच्या हिशेबाच्या वहीत १९७४ सालची एक ओळ सापडली होती : “गाडीचे छप्पर काढून कॅनव्हासचे हूड बसविले.”

“आणि मला आता आठवतंय,” ते म्हणाले, “परळच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, पांढऱ्या पत्र्याचं एक गोलसर झाकण होतं. त्याच्या सावलीत आम्ही पत्ते खेळायचो. ते कुठून आलं, हे कधी विचारलंच नाही हो.” ती इमारत पुनर्विकासात पाडली गेली, झाकण भंगारात गेले असणार.

व्हिंटेज नोंदणीच्या २०२१ च्या नियमांत गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी लागतेच, शिवाय चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागतात. मालकांनी त्या नोंदणीचा विचार सोडून दिला. परदेशातून सलूनचे छप्पर मागवता येईल, असे मी सुचवले. त्यांनी नको म्हटले, आणि मला ते पटले.

बॉडीच्या रकान्यात मी लिहिले : ‘मूळ सलून, १९७४ मध्ये मुंबईत कॅनव्हास हूड.’ किंमत त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरीच खाली आली. मसुदा वाचून त्यांनी एवढेच विचारले, “टाकीचं नाही का लिहिणार?” छापील नमुन्यात त्यासाठी जागा नव्हती. शेऱ्यात लिहिले.