यूएटी राहिलं बाजूला

२००४ च्या मे महिन्यात मी ऑनसाइट, म्हणजे सॉफ्टवेअर क्लायंटच्या ऑफिसात, होतो, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला पिट्सफील्ड म्हणून गाव आहे तिथे. ११ मेला आमचं रिलीज, पुण्याची टीम घरी न जाता साइन-ऑफची (यूएटी म्हणजे क्लायंटने सॉफ्टवेअर स्वतः तपासायचं, मग द्यायची ती मंजुरी) वाट बघत बसलेली आणि इकडे क्लायंटचं एक माणूस जागेवर नाही! शोधत गेलो तर सगळे पँट्रीत टीव्हीसमोर. माझ्या तर पोटात गोळाच आला, पुन्हा कुठे हल्लाबिल्ला झाला की काय.

तसलं काही नव्हतं. गावाच्या लायब्ररीत १७९१ चा ठराव सापडलेला, नव्या मीटिंग हाउसच्या (म्हणजे चर्च आणि चावडी एकातच समजा) खिडक्या फुटू नयेत म्हणून ८० यार्डांच्या आत बॉल खेळायला बंदी, आणि कुठले कुठले खेळ त्याची यादी, त्यात चक्क बेसबॉल! अमेरिकेत बेसबॉलचा त्याआधीचा लेखी उल्लेख तोवर कुणाला सापडलेला नव्हता, असं सांगत होते. जॉन थॉर्न या इतिहासकाराला जुन्या पुस्तकात धागा मिळाला, मग मूळ कागद शोधला, विल्यमस्टाउनच्या तज्ज्ञांनी कागद-शाई तपासून खरा ठरवला.

आमच्या टीममधले एक आजोबा, निवृत्तीला आलेले, एरवी दोन वाक्यांवर तिसरं बोलायचे नाहीत, ते नुसते सुटले होते. म्हणे कमिशन बसवून १९०७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला बेसबॉलचं जन्मगाव ठरवलं, १८३९ मध्ये अ‍ॅबनर डबलडे नावाच्या माणसाने तिथे खेळ शोधला म्हणून, आणि तो त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होता! साक्षीदार कोण, तर तेव्हा पाच वर्षांचा असलेला माणूस. कमिशनपेक्षा काचेची काळजी करणारी आमची ग्रामसभा बरी की नाही, असं मलाच विचारत होते.

मला हसू आवरेना. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीकाकांनी लावलेला बोर्ड आठवला, 'येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे', ज्याच्याखालीच आम्ही खडूने स्टंप काढायचो.

तेवढ्यात मेयरसाहेबांनी पिट्सफील्ड म्हणजे बेसबॉलचं गार्डन ऑफ ईडन असं जाहीर केलं. मी म्हटलं, ईडन गार्डन्स आमच्या कोलकात्यात आहे आणि तिथे क्रिकेट खेळतात. आजोबांनी यादी पुन्हा वाचून दाखवली, विकेट (हाही बॅट-बॉलचा एक जुना खेळ), क्रिकेट, मग बेसबॉल, म्हणाले बघ, बंदीत तुझा नंबर आधी आहे.

साइन-ऑफ मिळाला चारला. पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, कारण सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.